स्टेनोकाका आणि अमेरिकेतल्या बाई

जगात कुठेही नवा शोध लागला की त्याची बातमी वाचून मनापासून सुतक पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. वसईला स्टेशनच्या पश्चिमेकडे आमची तीन मजली सोसायटी. अख्खी बिल्डिंग त्यांना स्टेनोकाका म्हणायची. मुंबईच्या एका जहाज कंपनीत त्यांनी पस्तीस वर्षं शॉर्टहँड घेतलं, सात साहेब पाहिले, आणि आठव्या साहेबाच्या टेबलावर कंप्यूटर आला. "साहेब स्वतःची पत्रं स्वतःच टाइप करायला लागला, मास्तर, त्याच दिवशी मी काय ते ओळखलं. ज्याला आपलं बोलणं आपणच लिहून घ्यावं लागतं, तो साहेब कसला?" काकांनी व्हीआरएस घेतली. पुढच्याच वर्षी काकू गेल्या. मुलगा बंगलोरला नेमका कंप्यूटरच्याच कंपनीत लागला. मग काका, त्यांची गॅलरी आणि सकाळचं वर्तमानपत्र एवढंच उरलं. मी इथल्याच शाळेत दुपारच्या पाळीत शिकवतो, त्यामुळे सकाळी घरी सापडणारा बिल्डिंगमधला एकुलता एक पुरुष मी. साहजिकच जगाच्या अधोगतीचं रोजचं वाचन माझ्या चहाबरोबर व्हायचं.

सगळं विज्ञान-तंत्रज्ञान मोजायला काकांकडे एकच माप होतं, शॉर्टहँड. दोन हजार साल उजाडताना जगातले कंप्यूटर बंद पडणार, विमानं खाली येणार अशा बातम्या सुरू झाल्या, तेव्हा लोक घाबरले, काका संतापले. "सालाचे चार आकडे लिहायचा कंटाळा केला आणि दोनच लिहिले! अहो, संक्षेप करायला माझी ना नाही. माझं पोटच त्यावर भरलं. पण जो पुन्हा उलगडता येत नाही तो संक्षेप नव्हे, तो चुकारपणा." पोरं मोबाइलवर अर्धी अक्षरं गाळून निरोप पाठवायला लागली, तेव्हा हे शॉर्टहँडच्या क्लासात पहिल्या महिन्यातच शिकवायचे म्हणून त्यांनी नाक मुरडलं. आणि परदेशातली कामं धडाधड इकडे येताहेत, आता भारताचे दिवस पालटणार, असं मी एकदा जरा उत्साहाने म्हणालो, तर ते गॅलरीतल्या वाळत घातलेल्या टॉवेलकडे बघत म्हणाले, "पूर्वी साहेब बोटीने इथे यायचा आणि हुकूम सांगायचा. आता तिथूनच सांगतो. बोटीचं भाडं वाचलं, दुसरं काय झालं? आणि आपल्याकडे काम आलं म्हणजे कुणाकडून तरी गेलंच ना? तोही बसला असेल तिकडे माझ्यासारखा गॅलरीत." त्या दिवशी मला चहा गेला नाही. त्यांची ही खोडच होती. समोरच्याचा उत्साह ते असा अलगद काढून घ्यायचे, आणि वर म्हणायचे, "बरं, येतो मी. तुम्हाला उशीर होत असेल."

दिवाळीत मुलगा आला तो दीडशे गाणी भरलेली एक तबकडी घेऊन. एवढीशी तबकडी, त्यात काकांची आवडती सगळी जुनी गाणी. पोराने हौसेने शोधून भरली होती. काकांनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "तंबोरा कुठे गेला?" मुलाने समजावलं की एमपीथ्री करताना आवाज दाबून बसवतात, कानाला जे ऐकू येत नाही तेवढंच काढून टाकतात. "कोणाच्या कानाला?" काकांचा आवाज चढला. "मला विचारलं होतं?" पोरगं बिचारं हिरमुसलं. काका मात्र माझ्याकडे येऊन महिनाभर तेच तेच सांगत होते, की गाणं शॉर्टहँडमध्ये लिहिलंय आणि मूळ कागद फाडून टाकलाय. मी एकदा त्यांच्याच टेपवर ते गाणं लावून बघितलं. घरघरीखेरीज मला काही निराळं ऐकू आलं नाही, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

असा हा माणूस वयाच्या बासष्टाव्या वर्षी उठला आणि त्याच परदेशी कामावर रुजू झाला, हे ऐकून बिल्डिंग आठ दिवस हसत होती. स्टेशनजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी सेंटर काढलं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत यंत्रात बोलून ठेवतात. तो आवाज इकडे येतो, आणि इकडच्या माणसाने कानाला हेडफोन लावून तो टाइप करायचा. पायाखाली शिलाई मशीनला असते तशी पट्टी, दाबली की डॉक्टर बोलतो, सोडली की गप्प. "पस्तीस वर्षांत एकही साहेब माझ्या पायाने थांबला नव्हता," काका म्हणाले. हे बोलताना ते चक्क हसले. दाराला कुलूप लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन सकाळी साडेनऊला जिना उतरणारे काका आम्हाला पुन्हा दिसायला लागले. बरोबरची मुलं विशीतली, ती त्यांना सर म्हणायची. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न काकांनी तात्पुरता मिटवून टाकला होता. कुणीतरी बोलतंय आणि आपण लिहून घेतोय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

दोनेक महिन्यांनी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, पायाला सूज येत असेल तर जेवणात मीठ अजिबात बंद करावं की थोडं चालतं?" बायकोने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि संध्याकाळी अळणी पेज वर पाठवली. दुसऱ्या दिवशीही पाठवली. चौथ्या दिवशी काका वैतागून खाली आले. "अहो, मला काही झालेलं नाही. आहेत एक बाई." झालं! तळमजल्यापर्यंत ही बातमी पोचायला दहा मिनिटं पुरली. काकू जाऊन चार वर्षं झाली नाहीत तोच काकांना कुणी बाई भेटल्या, त्यांचे पाय सुजतात, आणि काका त्यांच्या पथ्याची चौकशी करतात! शेवटी मलाच वर जाऊन विचारावं लागलं. काका आधी काही बोलेनात. कामाला लागताना त्यांनी कागदावर सही केली होती, पेशंटचं नाव-गाव कुणाला कळता कामा नये. मग नाव-गाव वगळून त्यांनी सांगितलं. एकाहत्तर वर्षांच्या बाई आहेत. हृदय थकलंय, छातीत पाणी साठतं. एकट्या राहतात. त्यांच्या डॉक्टरच्या फाइली योगायोगाने काकांच्याच वाट्याला येत होत्या, एकामागून एक, अकरा आल्या होत्या. एका फाइलीत डॉक्टरच्या बोलण्यामागे लांबून त्या बाईंचा आवाज काकांना ऐकू आला होता. त्या विचारत होत्या, आता बूट घालू का? काकांनी तेही टाइप केलं. सेंटरवरच्या सुपरवायझर मुलीने ती चूक म्हणून लाल केली. मागचे आवाज लिहायचे नसतात. काका तिच्याशी अर्धा तास भांडले. "त्या बोलल्या, मी ऐकलं. आता मी ते लिहिलं नाही तर त्या बोलल्याच नाहीत असं होईल," ते मला म्हणाले. अकराव्या फाइलीत डॉक्टर म्हणाला होता की तब्येत बरी नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. बारावी फाइल मात्र आली नाही.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी जिना चढताना दिसले की मी भुवया उंचावून विचारायचो आणि ते नुसती मान हलवायचे. महिना गेला. मग एका शुक्रवारी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. भुईगावला जायचं होतं, चर्चमध्ये. मी म्हटलं, तुम्ही तर दर संकष्टीला गणपतीच्या देवळात जाता, तिथे सांगा की गाऱ्हाणं. त्यावर त्यांनी मला खास ऑफिसातलं उत्तर दिलं. "बाई ख्रिश्चन आहेत. अर्ज ज्या त्या खात्याकडेच गेला पाहिजे. आणि भुईगावच्या पुढे सरळ समुद्र आहे, मधे दुसरं टेबल लागत नाही." नारळ-केळींच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्याने मी त्यांना घेऊन गेलो. फादर तरुण होते. आजाऱ्यासाठी मिस्सा मागायला आलेला हा इस्त्रीचा शर्ट हिंदू आहे याचं त्यांना काही वाटलं नाही; वसईत ते नवीन नाही. त्यांनी वही उघडली. "नाव काय लिहू?"

"नाव देता येणार नाही, फादर."

"निदान पाळण्यातलं?"

"मी सही केली आहे. देवाला नाव ठाऊक आहे. तुम्ही 'एक आजारी बाई' एवढंच लिहा."

फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी तसंच लिहिलं, आणि पुढे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही भुईगावला जायला लागलो. मागच्या बाकावर काका ताठ बसायचे, साहेबासमोर बसल्यासारखे. प्रार्थनेत 'एका आजारी बाईसाठी' असं फादर म्हणाले की त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर किंचित हलायची.

वर्षभरात ते सेंटर बंद पडलं. एका सोमवारी दाराला कुलूप आणि वर चिठ्ठी. काका तापाने पडले होते, म्हणून त्यांची उशी आणि डिक्शनरी आणायला दोन दिवसांनी मी गेलो, तेव्हा दार उघडं होतं. ती सुपरवायझर मुलगी नालासोपाऱ्याची होती, खोक्यांत वायरी भरत होती. मी सहज विचारलं, "त्या पाय सुजलेल्या बाईंचं पुढे काय झालं, काही कळलं का हो? काका फार काळजीत असतात."

तिने हातातली वायर खाली ठेवली. "अहो सर, काकांना कोणी सांगितलं नाही का? ते लाइव्ह काम नव्हतं. ट्रेनिंगच्या फाइल्स होत्या सगळ्या, प्रॅक्टिससाठी. सात-आठ वर्षं जुन्या असतील. खरं काम यायचंच होतं, ते आलंच नाही. ती लेडी तर..." तिने हात नुसते पसरले आणि वायर गुंडाळायला लागली.

उशी बगलेत मारून मी घरी आलो. ज्या बाईंसाठी आम्ही दर महिन्याला देवाला साकडं घालत होतो त्यांचं जे काही व्हायचं ते काका व्हीआरएस घ्यायच्याही आधी होऊन गेलेलं होतं. हे मी काकांना सांगितलं नाही. नोकरी गेली होती, अंगात ताप होता. म्हटलं, बरे झाले की सांगू. ते बरे झाले आणि पहिल्या शुक्रवारी सकाळीच विचारायला आले, "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना?" मी आहे म्हटलं. असं दीड वर्षं चाललं. मला त्याचा त्रास व्हायला लागला होता. खोटेपणाचा होत होता म्हणावं, तर तेवढा मी सरळ नाही. मला शुक्रवारचे पेपर तपासायचे असायचे. आणि एकदा परतीच्या वाटेवर गिरीजजवळ स्कूटर पंक्चर झाली, उन्हात ढकलत न्यावी लागली, काका मागून सूचना करत होते, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी रस्त्यातच थांबून त्यांना सगळं ऐकवलं. फाइली जुन्या होत्या, बाई केव्हाच गेल्या असतील, आणि आपण इथे दर महिन्याला येडपटासारखे जातोय, असं सगळं. येडपट हा शब्दही वापरला. तो तोंडातून गेला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका शांतपणे म्हणाले, "मास्तर, प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला डॉक्टर आधी तारीख सांगतो. ती मीच टाइप केली ना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"पहिल्या फाइलीपासून."

त्यांनी रुमालाने मान पुसली. एका वाडीच्या कुंपणाला टेकून ते उभे राहिले, आणि पुढचं बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ही हॉस्पिटलात होती तेव्हा मोठे डॉक्टर खाटेशी येऊन पाच मिनिटं बोलले. काय झालंय, काय करणार, सगळं सांगितलं. खिशात पेन होतं, पॅड होतं. मी एक अक्षर घेतलं नाही. नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाहेर आलो तर मुलगा विचारतोय, बाबा, काय म्हणाले? मला एक वाक्य सांगता येईना. पस्तीस वर्षं लोकांचं ऐकून लिहिलं, आणि हिच्याबद्दल बोलले ते तेवढं सुटलं." रुमाल खिशात घालून म्हणाले, "त्या बाईंचं काही सुटू दिलं नाही मी. आता त्यांचं पुढे काय झालं हे लिहून द्यायला कुणी नाही, तर निदान विचारत राहायचं." मी स्कूटर ढकलायला लागलो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मीच वर जाऊन त्यांची बेल वाजवली.

काका हॉस्पिटलात दाखल झाले ते त्यानंतर दोन वर्षांनी. मुलगा बंगलोरहून निघाला होता, पोचायचा होता, म्हणून खाटेशी मी होतो. डॉक्टर आले आणि भराभर बोलायला लागले, तसा मी खिशातून पेन काढलं आणि शाळेच्या नोटिशीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घ्यायला लागलो. मला शॉर्टहँड येत नाही. अर्धं सुटत होतं. काका उशीवरून बघत होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी खुणेनं वाचायला सांगितलं आणि मी वाचलं. शेवटची ओळ होती, सोमवारी घरी सोडू.

"बहुतेक," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "बहुतेक सोमवारी, असं म्हणाले ते. तुमचा एक शब्द गळलाय."

तो गळला नव्हता. मी ऐकला होता, फक्त लिहिला नव्हता. मी पेन उघडलं आणि त्यांच्यादेखत 'सोमवारी'च्या आधी तो शब्द घातला. त्यांनी कागद हातात घेऊन ओळ पुन्हा वाचली, आता बरोबर आहे म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. मुलगा रविवारी पोचला. डॉक्टर काय काय म्हणाले ते मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.