वाचन अडलं त्या दोन शनिवारी

ब्लुमा रेझनिक दिवसभर एका खाटकाकडे कोंबड्यांची पिसं उपटायची, आणि चिडली की माणसांचीही उपटेल, असं गल्लीतले लोक म्हणत. ते फारसं खोटं नव्हतं. आई वारल्यावर धाकट्या नोखेमला तिनेच वाढवलं, मिन्स्ककडच्या खेड्यातून बोटीने न्यूयॉर्कला तिनेच आणलं. आता गल्लीच्या टोकाला नोखेमचं स्वतःचं मांसाचं दुकान होतं आणि ब्लुमाला त्याचा कोण अभिमान.

त्या मे महिन्यात बड्या घाऊक व्यापाऱ्यांनी संगनमत करून मांसाचे भाव असे चढवले की शिवणकाम करणाऱ्या ज्यूंच्या घरी शब्बाथच्या पवित्र शनिवारीही रश्श्यात नुसते बटाटे तरंगायला लागले. बायकांनी ठरवलं, भाव उतरेपर्यंत धर्माला चालणारं कोशेर मांस कुणी विकायचं नाही, कुणी घ्यायचं नाही. विकेल त्याचं दुकान फोडायचं. बोलल्या तसं केलंही. काचा फुटल्या, टांगलेल्या मांसावर रॉकेल ओतलं गेलं, पोलिसांचे दंडुके बायकांच्या डोक्यांवर बसले. ब्लुमाने एका पोलिसाच्या टोपीवर आतड्यांची बादली उपडी केली आणि बदल्यात खांदा सुजवून घेतला.

सुजल्या खांद्यानेच ती नोखेमकडे गेली. त्याचं दुकान अजून उघडं होतं.

"बंद कर."

"माल भरलाय, ब्लुमे. मी एकटा खाऊ का सगळा?"

"बायका येतील तुझ्यावर."

"बायका म्हणजे तूच ना? मग स्वतःलाच सांग, येऊ नकोस म्हणून."

शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या वेळी तोराची, धर्मग्रंथाची गुंडाळी वाचायला उलगडली, तशी ब्लुमा बायकांच्या सज्जातून थेट खाली पुरुषांत आली आणि वाचनाच्या मेजावर तिने थाप मारली. अन्याय झालेल्याने वाचन अडवायचं आणि त्याचं ऐकल्याशिवाय कुणी पुढे वाचायचं नाही, ही रीत जुनीच. पण ती पुरुषांची. अध्यक्षांनी तिची शाल धरून खेचली. तिने त्यांची दाढी धरली. दोघं मेजावर आदळले, कुणीतरी तिच्या पाठीत बुक्की घातली, तिने कोपर मारून त्याचं नाक फोडलं. देवाच्या घरात रक्त सांडलं.

नोखेम बाकावरून उठला. "ऐकून घ्या तिचं. नाहीतर ती दाढी सोडायची नाही, मी ओळखतो तिला."

कुणीतरी हसलं आणि मग सगळ्यांनी ऐकलं. भाव उतरेपर्यंत मांस खाणार नाही, असं पुरुषांनी कबूल केलं. "आणि मी विकणार नाही," नोखेम म्हणाला. त्या क्षणी ब्लुमाला तो पुन्हा सहा वर्षांचा वाटला.

त्याने शब्द पाळला. पण मांस सडायला लागलं. मंगळवारी सकाळी उकिरड्यावर टाकायला म्हणून त्याने बैलाची अख्खी तंगडी खांद्यावर घेतली आणि मागच्या दाराने बोळात उतरला. त्याच वेळी ब्लुमा बायकांना घेऊन कोपऱ्यावरून वळली. मांसाआड त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"चोरून विकतोय तुझा भाऊ! बघ, गिऱ्हाईक चाललंय," एक जण ओरडली.

ब्लुमाच्या डोक्यात तिडीक गेली. भावाने साऱ्या सिनेगॉगसमोर दिलेला शब्द मोडला, एवढंच तिला कळलं. तिने वीट उचलून भिरकावली. माणूस कोसळला आणि बायका त्याच्यावर तुटून पडल्या. लाथा, बुक्के, केस उपटणं. मांस बाजूला घरंगळलं तेव्हा तिला खालचा चेहरा दिसला. तिने बायकांना चावून, ओरबाडून मागे सारलं, त्याच्यावर आडवी पडली आणि उरलेल्या लाथा स्वतःच्या पाठीवर घेतल्या.

त्याचा डावा डोळा गेला. वीट कुणाची, हे त्या झुंबडीत कुणी पाहिलं नव्हतं. ब्लुमा दवाखान्यात गेली नाही की त्याच्या घरी गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार होती?

पुढच्या शनिवारी डोक्याला फडकं बांधलेला नोखेम उठला आणि त्याने मेजावर थाप मारली. वाचन थांबलं. सज्जात ब्लुमाने कठडा घट्ट धरला.

"वीट कुणी मारली ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "लहानपणी कुत्री माझ्या अंगावर आली की तीच दगड मारायची. नेम तेव्हाही चुकत नव्हता. पण माझी तक्रार विटेची नाही. चार दिवस झाले, ती माझ्या दारात फिरकलेली नाही. येते म्हणेपर्यंत मी वाचू देणार नाही."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. गप्प बसली असती तर कुणी तिचं नाव घेणार नव्हतं. बोलली की वीट साऱ्या गल्लीसमोर तिची ठरणार होती. शेजारची बाई हळूच तिच्यापासून सरकली.

ब्लुमा उभी राहिली.

"येते," ती म्हणाली. "रस्सा घेऊन येते. बटाट्यांचाच आहे. आता वाचू दे त्यांना."

नोखेमने मेजावरचा हात उचलला.