बांधावरचे अकरा मोबाईल

तुम्ही भौतिकशास्त्रातून मनाच्या शास्त्रात कशा आलात, असं लोक मला विचारतात. त्यावर माझं एक गुळगुळीत उत्तर तयार आहे. खरं उत्तर असं, की प्रकाशाच्या प्रयोगशाळेत माझ्यासारखे पैशाला पासरी होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. तिथे मी लेझरच्या किरणातली थरथर मोजायचे. मग मानसशास्त्रवाल्यांनी माणसाच्या अवधानातली थरथर मोजायला बोलावलं. पुढे ध्यान आणि सजगतेचे दिवस आले, तेव्हा मी त्या गाडीत आधीच जागा धरून बसले होते. आता मी भरल्या सभागृहांना डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगते. मी स्वतः स्वस्थ कधी बसले होते, ते मला आठवत नाही.

नाव झालं ते एका अभ्यासाने. आमचं गाव मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या वाटेवर. तिथे भाताची लावणी सावडीवर होते, म्हणजे आज सगळ्या बायका तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. माझ्या आईसकट अकरा जणींना मी एकेक मोबाईल दिला. तो दिवसातून पाच-सहा वेळा अवचित वाजणार, आणि वाजला की त्या क्षणी मन कुठे आहे ते पडद्यावरच्या चित्रावर बोट दाबून सांगायचं. कामात, घरात, की दुखण्याखुपण्यात. समजावण्यात एक सकाळ घालवली. समजलं का, विचारलं. समजलं की, म्हणाल्या. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, आणि मी कधीच पाहुणी झाले होते. दुपारी नसरापूरला येऊन मी पुण्याची एसटी धरली.

नोंदी आल्या त्या बघून मी खुर्चीतून उठलेच. अकराही जणींचं मन एकाच वेळी कामात! एका चिखलात राबणाऱ्यांची मनं एका लयीला लागतात, असं मी लिहिलं. ते छापून आलं, परदेशात बोलावणी आली, ओणवलेल्या बायकांचा फोटो पडद्यावर लागला की पुढच्या रांगेतले लोक डोळे पुसायचे. प्रयोगशाळेत मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, मोजमाप फार स्वच्छ आलं तर आधी यंत्राची तार तपासायची. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना अजून सांगते. स्वतः तपासलं नाही, कारण उत्तर मला गोड लागलं होतं.

त्या काळात दर रविवारी आईचा फोन यायचा. मी तो स्पीकरवर टाकून भाषणाची चित्रं लावत बसायचे आणि मधूनमधून हं, हं म्हणायचे.

यंदा अभ्यासाची दुसरी फेरी करायची म्हणून नवे मोबाईल घेऊन गावी गेले. आई ओसरीवर पावटे सोलत बसली होती. मोबाईलची पेटी बघून म्हणाली, "परत त्येच व्हय? मग अवंदा दुसरीला बसव बांधावर. मला न्हाई जमायचं."

"बांधावर कशाला?"

"दाबायला. मागल्या बारीला समद्यांचं म्याच दाबलं की. चिखलाच्या हातानं मोबाईल कोण धरतंय? सावडीत एकीनं भाकरी आणायची, एकीनं पोरं बघायची. मला खाचरात उतरवत नव्हतं, म्हून मोबाईल माझ्याकडं. पाटीत घिऊन बसले व्हते."

"आणि दर वेळी सगळ्यांचं 'कामात'?"

"मग? कामातच व्हत्या की त्या. डोळ्यानं दिसत व्हतं."

मी ओरडले. माझी नोकरी, माझं संशोधन केंद्र, माझी पत, सगळं त्या अभ्यासावर उभं आहे, तुला कळतं का तू काय केलंस, असं सगळं बोलले. तिने पावट्यांवरची नजर काढली नाही.

"तू समजलं का म्हणलीस, म्या समजलं म्हणले. बघाया कुठं थांबलीस तू?"

मी दुसरंच विचारलं. "अकरावा मोबाईल तुझा होता. तू तर कामात नव्हतीस. तुझं मन कुठे होतं?"

"माझं? गुडघ्यात. दुसरं कुठं असणार? दर आयतवारी सांगत व्हते तुला."

तिने लुगडं जरा वर सरकवलं. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

यानंतर मी शहाण्यासारखं वागले असं मला लिहिता आलं असतं. खरं म्हणजे चार दिवस मी पळवाटाच शोधत होते. निष्कर्ष तरीही बरोबर असेल. बायका खरंच कामात असतील. कुणाला कळणार आहे? मला स्वतःची शिसारी आली, पण तीसुद्धा चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी आईला भोरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्याचा एक्स-रे फोटो बघून त्यांनी मलाच विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" मग आणखी एक फोटो काढायचा म्हणून आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

तिथेच मी मोबाईलवर लेख मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं. सगळ्या नोंदी एकाच व्यक्तीने भरल्या होत्या, इथपर्यंत झरझर लिहून झालं. 'हे मी तपासलं नाही' हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा ते तसंच ठेवलं, पत्र पाठवलं आणि वर पाहिलं.

शेजारची जागा रिकामी होती. आई एका हाताने भिंत धरत धरत आतल्या दारापर्यंत पोचली होती. दारातला कंपाउंडर माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, दोन वेळा पुकारा केला. आजींना धरायचं तरी."

"असू द्या," आई त्याला म्हणाली, "ती कामात हाय."