पिवळे तळहात

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. चांगल्या धडधाकट नवऱ्याला मी दवाखान्यात कशी घेऊन गेले, ते सांगते!

आमचे सासरे लिव्हरच्या कॅन्सरनं गेले. तेव्हापासून कॅन्सरची मला भारी धास्ती. त्यात खारघरच्या आमच्या सोसायटीत एका आहारतज्ज्ञ बाईंचं भाषण झालं. म्हणाल्या, भाज्या-फळांच्या रंगांत काही द्रव्यं असतात, ती कॅन्सर टाळायला मदत करू शकतात. "सगळ्या रंगांचं थोडं थोडं खा," असंही म्हणाल्या. मी काय ऐकलं? गाजर!

दुसऱ्या दिवसापासून ह्यांना सकाळी गाजराचा रस, डब्यात गाजराची कोशिंबीर, रात्री गाजराचं सूप.

"अगं, मी माणूस आहे की ससा?"

"गपचूप प्या!"

थंडी सरता सरता शेजारच्या वनिताताई विरजण मागायला आल्या. मूळच्या इथल्याच शिरवणे गावच्या, बोलणं एकदम रोखठोक. ह्यांनी वाटी पुढे केली, तर त्या हाताकडेच बघत राहिल्या.

"अगो, याचं हात बघ! ही तं कावील हाय!"

बघते तर काय, तळहात हळद लावल्यासारखे! तळपायसुद्धा!

हे हळूच म्हणाले, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं ना गं?"

मला रडूच फुटलं. रिक्षात ह्यांनी माझा हात घट्ट धरला. तो पिवळा हात बघून मला आणखीच हुंदके!

डॉक्टरांनी डोळे तपासले, पोट दाबून पाहिलं. "डोळे पांढरेस्वच्छ आहेत. कावीळ वाटत नाही. तरी रक्त तपासू." संध्याकाळी रिपोर्ट आला. लिव्हर ठणठणीत!

"रोज खाता काय हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाजर. सकाळी, दुपारी, रात्री," हे म्हणाले.

डॉक्टर खो-खो हसत सुटले. "अहो, हा गाजराचाच रंग! कमी करा, हळूहळू उतरेल."

काय सांगू, छातीवरचा धोंडाच उतरला! हसतेय की रडतेय, माझं मलाच कळेना.

"कॅन्सर होऊ नये म्हणून देत होते हो," मी पुटपुटले.

"वहिनी, भाज्या खाणं चांगलंच. पण कॅन्सर काय एकट्या गाजराला घाबरतो? सगळं खा, दोघांनी खा." मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही कशा पिवळ्या नाही झालात?"

आता हेही माझ्याकडे बघायला लागले.

"मला ना," मी उगाच ओढणी सारखी केली, "गाजर अजिबात आवडत नाही!"