दोंडाईच्याचा समुद्र

"तुमच्या खानदेशात समुद्र कुठला आलाय?" असं पुण्याच्या एक बाई मला एकदा म्हणाल्या आणि वर हसल्या. सुट्टीत कोण कुठं जातं याच्या गप्पा चालल्या होत्या. मी म्हटलं, बाई, दोंडाईच्याला आमच्या घरापासून स्टेशन चालत आहे. तिथं गाडीत बसायचं. नंदुरबार, नवापूर करत गाडी गुजरातेत उतरते. वलसाड आलं की खाली उतरायचं, रिक्षेत बसायचं आणि तिथल गावच्या वाळूवर जाऊन उभं राहायचं. एक गाडी, एक रिक्षा. घाटात पोरं ओकत नाहीत की गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही. बाईंनी विषय बदलला. मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. इतका जवळचा समुद्र माझ्या मायनं म्हातारपणी पाहिला, आणि तेवढ्यासाठी तिला अख्ख्या भावकीशी भांडावं लागलं.

माय मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. आमच्याकडे हंगामात नजर जाईल तिथवर जमीन लाल असते. बायका रांगेनं बसून मिरचीचे देठ खुडतात. दिवसभर खुडलं की हातांची अशी आग होते की रात्री ताकात बुडवले तरी थांबत नाही. आम्ही लहान असताना माय आम्हाला जवळ घ्यायची ती कोपरांनी. हात वर धरलेले, चोर धरल्यासारखे. आमच्या डोळ्यांना लागू नये म्हणून. स्वतःच्या तोंडावरची माशीसुद्धा ती दंडानं हाकलायची.

पथारीच्या कडेनंच रूळ. सुरतेकडं जाणारी गाडी धाडधाड निघून जायची. सोबतच्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की ही गाडी समुद्रापर्यंत जाते. झालं. तेव्हापासून माय त्या गाडीला "समुद्रनी गाडी" म्हणायची. "समुद्रनी गाडी गई, चला, भाकरी खाऊत." इतकाच तिचा आणि समुद्राचा संबंध.

आणि आमची माय बसलेली मी कधी बघितलीच नाही. म्हणजे बसायची, पण टेकली रे टेकली की कुणीतरी उठवायचंच. पथारीवर मुकादम उठवायचा. घरी बा होता तोवर बा पाणी मागायचा, मग भाऊ, मग भावाची पोरं. पाहुणे आले, ऊठ. दूध उतू चाललं, ऊठ. दारात कुत्रं आलं तरी माय, ऊठ! मला लहानपणापासून याची चीड. मी ओरडायचे, "तिला बसू द्या की जरा!" तर सगळे म्हणायचे, मग तू ऊठ. मग मी उठायचे आणि भांडी आपटायचे.

गुडघे गेले तेव्हा मायनं पथारी सोडली. मी धुळ्याला नोकरी करते, बिनलग्नाची आहे, म्हणजे नातेवाइकांच्या मते मोकाट. एका रविवारी सोनगीरवरून जाणाऱ्या एसटीनं घरी गेले आणि तिला विचारलं, "माय, इतकी वर्षं राबलीस, आता तुला काय पाहिजे ते माग." मला वाटलं, साडी म्हणेल. तिनं गहू निवडता निवडता मान वरही केली नाही. म्हणाली, "माले समुद्र देखाना शे."

घरात हसण्याचा नुसता स्फोट झाला. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. जळगावच्या मामांचा फोन आला, "अगं, समुद्रात काय असतं? पाणीच ना? त्यापेक्षा तिला सप्तशृंगीला ने, पुण्य तरी लागेल." चुलत्यांचं तेच. आमच्याकडे बाईमाणसानं प्रवास करायचा तर वाटेत देव लागतो. देव नसेल तर ती भटकंती, आणि म्हातारीनं भटकंती करायची म्हणजे काय! शेवटी माझ्या थोरल्या भावानं तोडगा काढला. तिथं समुद्राच्या काठावर देऊळ आहे म्हणे. लोकांना सांगू, देवदर्शनाला चाललो. जाता जाता समुद्र दिसला तर दिसला.

मला तोडगा चालला असता. मायला नाही चालला. ती देवाधर्माची बाई आहे, तिची एकादशी चुकत नाही. पण ती भडकली. "देवले कसाले मझार लयस?" म्हणाली. देवाला मध्ये कशाला घालतोस? "मी देवले जासू तव्हय देवले जासू. आते समुद्रले जाई ऱ्हायनू. ज्याले सांगनं व्हई त्याले सांग."

भावानं कपाळावर हात मारला. पण दोघी बायकांना एकटं कसं पाठवायचं म्हणून दुकान वहिनीवर टाकून सोबत आला. त्याचं बियाणं-खतांचं दुकान आहे आणि त्याच्याशिवाय ते चालत नाही अशी त्याची समजूत आहे. जाताना त्यानं परतीचं आरक्षणही करून टाकलं, त्याच दिवशी दुपारचं. "समुद्र बघायला किती वेळ लागतो?" म्हणाला.

कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेऊन आम्ही निघालो. माय खिडकीशी. गाडी पथारीजवळून गेली तेव्हा तिनं काचेला नाक लावून बाहेर बघितलं. इतकी वर्षं बाहेरून पाहिलेली गाडी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिली. मला गलबलून आलं, पण मी तसं दाखवलं नाही, कारण भाऊ समोर होता.

सकाळी तिथलला रिक्षातून उतरलो. नारळपाण्याच्या गाड्या होत्या, कणसं भाजायची तयारी चालली होती, एक उंट उभा होता. काळसर वाळू. त्यापुढं चिखल. त्याच्यापुढं आणखी चिखल. समुद्र नव्हता.

खरंच सांगते, नव्हता. पार लांब आभाळाच्या कडेला एक पांढुरकी रेघ होती, बस्स.

"कोठे शे?" मायनं विचारलं.

मी आणि भावानं एकमेकांकडं पाहिलं. ओहोटी! शाळेत मी चंद्राची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, पण घरून निघताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात तो विचार आला नाही. येणार कुठून? आमची तापी उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात भरते. सकाळी घर सोडून गेलेलं पाणी त्याच दिवशी परत येतं हे आम्हा खानदेश्यांच्या हिशेबातच नाही. आता मोबाईल काढून बघितलं. पाणी दुपारनंतर काठाशी येणार होतं. आणि आमची गाडी त्याच्या आधी.

भाऊ आधी हसला. पोट धरून हसला. "माय, तू आलीस आणि समुद्र पळाला बघ!" आजूबाजूचे दोघंतिघं पण हसले. मायचा चेहरा एवढासा झाला. ते मी बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "चल, आपण पाण्यापर्यंत चालत जाऊ," म्हणून मी चपला काढून पुढं झाले, तर दहा पावलांत पाय घोट्यापर्यंत रुतला. तिचे गुडघे असले. जमणारच नव्हतं.

"ती रेघ दिसली ना? तोच समुद्र," भाऊ म्हणाला. "झालं बघून. आता देवळात जाऊ, जेवू आणि स्टेशन गाठू."

मायनं चिखल संपून कोरडी वाळू लागते तिथली जागा पायानं चाचपली, पदर सावरला, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत कण्हत खाली बसली आणि पाय लांब केले. मग म्हणाली, "तुम्हीन जा. मी आठेज बठसू." आठे म्हणजे इथं.

"माय, गाडी चुकेल!"

"चुकू दे."

भाऊ चिडला की शुद्ध मराठीत बोलतो, दुकानात उधारीवाल्याशी बोलतो तसं. "हे बघ, आपलं आरक्षण आहे. नंतरच्या गाडीत बसायला जागा मिळणार नाही. उद्या दुकान उघडायचं आहे. लोक काय म्हणतील, म्हातारी चिखल बघत बसली? ऊठ आता. ऊठ म्हणतो ना!"

तो शेवटचा "ऊठ" तिला लागला. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही, पण असा बोलली की मी जन्मात विसरणार नाही.

"जनमभर मीच उठी उठी गऊ बठ्ठासकडे. तुना बापकडे, तुनाकडे, पथारीवर. आज त्याले येऊ दे. मी आठून उठत नही." बठ्ठासकडे म्हणजे सगळ्यांकडे. आणि येऊ द्यायचं होतं ते समुद्राला.

मी मायशेजारी फतकल मारून बसले. भाऊ पाय आपटत देवळाकडं गेला.

ऊन चढलं. मी तिच्या डोक्यावर ओढणी धरली. भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, त्या उंटाच्या मालकालाही दिला, तो हाय हाय करत पाण्याच्या शोधात गेला. माय मधेच विचारायची, "तो येई ना?" मी म्हणायचे, "येई." खरं तर मला धाकधूक होती. ज्या बाईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली तिच्यापुढं चिखल आला, आणि आता पाणी आलंच नाही किंवा भाऊ येऊन तिला दंडाला धरून घेऊन गेला, तर ती पुन्हा कधीच काही मागणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी सारखी त्या रेघेकडं बघत होते आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. ये की गं बाई. ये की.

भाऊ नारळ-प्रसाद घेऊन परत आला. आमच्यापासून चार हात लांब, पाठ करून बसला. गाडीची वेळ झाली. त्यानं मोबाईल बघितला, खिशात टाकला. गाडी गेली.

आणि मग रेघ जाड झाली. आधी मला भास वाटला. चिखलातल्या खळग्यांमध्ये पाणी चमकायला लागलं, खळगे एकमेकांना मिळाले, आणि बघता बघता सगळं मैदान हलायला लागलं. आवाज आला. पहिली फेसाची कड आमच्यापासून लांब थांबली. दुसरी जवळ. माय दोन्ही हात जमिनीवर टेकून पुढं वाकली. "ऊना!" ओरडली. ऊना म्हणजे आला. "ऊना रे ऊना! देख, ऊना!" दारात जावई यावा तसं ओरडत होती.

पाणी तिच्या टाचांना लागलं. मग घोट्यांना. भाऊ चपला, पिशवी, प्रसाद सगळं छातीशी धरून मागं पळाला. "माय, ऊठ, भिजशील!" माय हलली नाही. पुढची लाट तिच्या मांडीपर्यंत आली, लुगडं फुगलं, ती खदखदून हसली. मग तिनं दोन्ही हात पाण्यात घातले, ओंजळ भरली आणि तोंडावर मारली. पुन्हा भरली, पुन्हा मारली. डोळे, गाल, कपाळ, सगळं त्या हातांनी चोळचोळून धुतलं. मी रडले. रडले म्हणजे चांगली हुंदके देऊन रडले, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही.

"कसं वाटलं, माय?" मी विचारलं.

ओठ चाटून म्हणाली, "लई खारं शे."

परतीच्या गाडीत उभ्यानं आलो. म्हणजे मी आणि भाऊ उभ्यानं. मायला एका पोरीनं जागा दिली आणि तीत ती ओल्या लुगड्यानिशी नंदुरबारपर्यंत घोरली. आता भाऊ दुकानात येईल त्याला सांगतो की मायला समुद्र मी दाखवला. सांगू दे. भाड्याचा अर्धा भाग त्यानं दिला होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका दारात आल्या. आमच्याकडे कोणी बाहेरगावी देव करून आलं की त्याच्या पाया पडतात आणि प्रसादाला हात पुढं करतात. भावानं लगेच नारळाचे तुकडे पुढं केले. पथारीवर मायच्या शेजारी बसणारी एक म्हातारी आली, तिच्याइतकीच थकलेली, हात तसेच तडकलेले. ती पाया पडायला वाकली, तर मायनं पाय आखडून घेतले.

"पाय कसाले पडस? मी देवले गई नही. समुद्रवर गई व्हती."

म्हातारी गोंधळली. मग तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हळूच विचारलं, "इतली लांब गई? गुडघा दुखतस तुना. पानीपावत चालत कशी गई?" पानीपावत म्हणजे पाण्यापर्यंत.

वहिनीनं आतून हाक मारली, चहाला दूध कुठं ठेवलंय. माय जागची हलली नाही.

"मी उठनूच नही," ती म्हणाली. "तोच ऊना."