चढाचं चिन्ह

माझी थोरली बहीण, आमची अक्का, दहावीला गणितात नापास झाली तेव्हा आप्पांनी आवाज चढवला नाही. आमच्या घरात खरं तर हीच काळजीची गोष्ट होती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. त्या दिवशी मात्र ओसरीच्या कडेला पाय धुता धुता ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या मार्चला पुन्ना बस. पास झालीस तर गुलबर्ग्याला कॉलेजात घालतो. न्हाई झालीस तर मग बघू." अक्काला त्यातलं गुलबर्गा तेवढं ऐकू आलं. मला 'मग बघू' ऐकू आलं.

गुलबर्गा तिच्या ओळखीचं होतं. मामा तिथं डाळीच्या मिलमध्ये कामाला होता आणि आठवीपर्यंत ती त्याच्याकडेच राहून कानडी शाळेत शिकली. मामानं मिल सोडून सोलापूर गाठलं, तेव्हा ती हुलसूरजवळच्या आमच्या गावी परत आली. गावातलं हायस्कूल मराठी. बोलायला तिला मराठी, कानडी, उर्दू सगळं सारखंच, पण आकडेमोड करताना ओठ हलायचे ते कानडीतच. मी तिच्याहून वर्षानं मागं. ती नापास झाल्यामुळं आम्ही दोघी एकाच परीक्षेला बसणार होतो. मला गणित यायचं आणि येतं याचा तोराही भरपूर होता, त्यामुळं थोरल्या बहिणीची मास्तरीण व्हायला मी एका पायावर तयार झाले.

बीजगणितात तिचं काही अडत नव्हतं. वर्गसमीकरण दिलं की माझ्या आधी अवयव पाडून मोकळी. अडायचं ते आलेखावर, रेषेचा चढ काढताना. तिथं कधी उत्तर बरोबर यायचं, कधी आकडा बरोबर पण चिन्ह उलटं. दोन यायला पाहिजे तिथं उणे दोन. आमच्या गुरुजींनी 'वेंधळी' म्हणून तिचा विषय मिटवून टाकला होता. वर्गात साठ डोकी असली की मास्तर लोकांना असा एखादा शब्द फार उपयोगी पडतो.

संक्रांत झाली, तुरीची काढणी आली. दरवर्षी आम्ही दोघी शेतात जायचो. या वर्षी माय म्हणाली, "अक्काला ऱ्हाऊ दे घरी. उन्हात नगं." अक्का हरखून गेली. तिला वाटलं, अभ्यासासाठी सूट मिळाली. परीक्षा तर मलाही होती. मला मात्र विळा हातात देऊन पाठवलं. संध्याकाळी परत आले तर अक्का न्हाणीत तोंड धूत होती आणि पाण्यात हळदीचा पिवळा रंग उतरत होता. मायनं लावायला सांगितलं, एवढंच ती म्हणाली आणि मला आलेखाच्या वहीकडं ओढून घेऊन गेली.

"मोट्यानं बोलत कर," मी तिला म्हटलं. "कुठं चुकायलीस ते मला ऐकू दे."

दोन बिंदू दिले होते. पहिला दोन, तीन. दुसरा सहा, अकरा. तिनं ते नेमके मांडले, पट्टी लावून रेष ओढली. मग म्हणाली, "चढ म्हंजे इळिजारू," आणि रेषेच्या वरच्या टोकावर बोट ठेवून ते खाली आणलं. "अकरावरनं तीनावर उतरले. आठ खाली, म्हंजे उणे आठ. आडवं चार. उणे आठ भागिले चार, उणे दोन."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तिच्या कानडी पुस्तकात ज्याला इळिजारू म्हणतात, त्याचा साधा अर्थ उतार. रेष दिसली की अक्का आधी वर जाऊन उभी राहायची आणि तिथून खाली यायची. उजवीकडं पडणारी रेष असली की उत्तर बरोबर. चढणारी असली की चुकायचंच.

"खाली उतरताना तू कुनीकडं आलीस?"

"डावीकडं."

"मग ते आडवं चारबी उणेच की!"

ती वहीकडं बघत बसली. मी तिला ताळा करायला लावला. आधी तिच्या उणे दोनचा. वाय वजा तीन बरोबर उणे दोन गुणिले कंसात एक्स वजा दोन. कंस सोडवून वाय बरोबर उणे दोन एक्स अधिक सात. आता एक्सच्या जागी सहा घातले तर उणे बारा अधिक सात, उणे पाच. पाहिजे होते अकरा. मग चढ दोन धरून केलं. वाय बरोबर दोन एक्स वजा एक. सहा घातले, बारा वजा एक, अकरा. ताळा पडला. अक्का मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "म्हंजे मी वेंधळी न्हाई!" त्या दिवशी तिनं प्रकरणातल्या सगळ्या चढत्या रेषा सोडवल्या, एकही चुकली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की जेवताना मी तो पराक्रम आप्पांना सांगितला. ते नुसते "चांगलं हाय" म्हणाले आणि मायकडं बघितलं. मायनं मान खाली घातली.

त्यानंतर राजेश्वर गावची आत्या आली. सण नाही, वार नाही, कुणाचं दुखणं नाही. ओसरीवर बसून तिनं अक्काला पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर परत मागितलं, आणि अक्का ये-जा करत असताना आत्या तिच्या चालण्याकडं बघत राहिली. मग मोठी माणसं कानडीत बोलायला लागली. ही माझ्यासाठीची सोय. माझी कानडी बाजारापुरती, त्यात मी तोंडाची फाटकी. शेजारी बसलेल्या अक्काला शब्द न् शब्द कळत होता. तिची पेन्सिल थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"आत्या कामून आलीय गं?" मी हळूच विचारलं.

"तू गनित बघ," ती म्हणाली. "आप्पांनी सबूद दिलाय. पास झाले की झालं."

मी गणित बघितलं. पण आप्पा दिवसेंदिवस गोड बोलायला लागले होते आणि त्याची मला भीती वाटत होती. कासार बोलावून माझ्या नाही, तिच्या एकटीच्या हातात बांगड्या भरल्या. परीक्षेला जाताना त्या वाजतील म्हणून ती काळजीत पडली होती.

पेपर चांगला गेला. बाहेर आल्या आल्या तिनं माझा दंड धरला. "चढती रेष आली होती. ताळाबी केला." बसमध्ये ती कॉलेजबद्दलच बोलत होती. कुठल्या रस्त्यानं जायचं, मामाच्या जुन्या घरमालकाकडं खोली मिळेल का. घरी पोहोचलो तर भिंतींना चुना लावायला माणूस आला होता.

"परवा पाव्हने यायलेत," आप्पा म्हणाले. मुलगा पुण्यात इमारतींवर सेंट्रिंगचं काम करत होता.

अक्का म्हणाली, "आन् निकाल?"

"निकाल कुठं पळून जायलाय? मुहूर्त थांबत न्हाईत."

ती यावर भांडेल असं मला वाटलं. मीच भांडले आणि मार खाल्ला. ती चुन्याचे शिंतोडे पडू नयेत म्हणून पुस्तकं उचलून आत घेऊन गेली. वैशाखात लग्न लागलं आणि चार दिवसांत नवरा तिला पुण्याला घेऊन गेला.

निकाल त्यानंतर लागला. शाळेच्या फळ्यावर दोघींचे नंबर होते. मी हुलसूरला जाऊन फोन लावला. दाजींनी त्यांच्या वस्तीजवळच्या किराणा दुकानाचा नंबर देऊन ठेवला होता. दुकानदारानं हाक मारली, बऱ्याच वेळानं दाजी आले. मी ओरडून सांगितलं, "अक्का पास झाली! गनितातबी!" पलीकडून "बरं, सांगतो" ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

त्याच वर्षी आप्पांनी मला गुलबर्ग्याला घातलं. दिवाळीला मी तिथून आले, अक्का पुण्याहून. ती वाळली होती आणि तळहातांना सिमेंटनं भेगा पडल्या होत्या. आम्ही दोघी करंज्यांना मुरड घालत बसलो होतो. माय उठून बाहेर गेली तशी अक्कानं माझ्याकडं न बघता विचारलं, "माझा निकाल काय लागला होता गं?"