दुसरं मत तुम्हालाच

त्या मतदारसंघातून दोन खासदार निवडून जात. एका मतदारसंघाला दोन खासदार कशाला, असे कुणी विचारलेच तर जुनी माणसे सांगत की नकाशा काढणाऱ्या साहेबाला नदीचे अलीकडचे गाव आणि पलीकडचे गाव वेगळे करायचे होते, पण जेवायची वेळ झाली होती. त्याने दोन्ही काठ एकातच घातले, पुढे ‘दोन’ असे लिहिले आणि हात धुवायला गेला. तेव्हापासून प्रत्येक मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळू लागल्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकायला बंदी होती. त्यामुळे पहिली चिठ्ठी मनातल्या माणसाला टाकून झाली की दुसरीचे करायचे काय, हा प्रश्न भल्याभल्यांना पडे.

त्या प्रश्नाचे उत्तर बाजाराच्या कोपऱ्यावर कोट शिवत बसलेले असे.

हा शोध वकीलसाहेबांचा. पक्षाने त्यांना उमेदवारी दिली आणि जोडीचा माणूस तुम्हीच शोधा, असे सांगितले. काम वाटते तेवढे सोपे नव्हते. जोडीदार फार लोकप्रिय असला तर तोच पहिला यायचा, आणि अगदीच टाकाऊ असला तर दुसरी जागा विरोधकांच्या घशात जायची. या विवंचनेत वकीलसाहेब दुकानातल्या आरशासमोर उभे होते. शिंपी खाली गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पँटची लांबी बघत होता.

“काय हो,” वकीलसाहेबांनी खाली बघत विचारले, “उभे राहाल का?”

शिंप्याला वाटले, लांबी झाली असेल तर उठा म्हणताहेत. तो उठून उभा राहिला.

“झालं तर मग!” वकीलसाहेब म्हणाले. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्याला नाही म्हणता आले नाही.

प्रचारात वकीलसाहेब तासभर बोलत आणि शेवटी म्हणत, “पहिलं मत मला, आणि दुसरं आपल्या या... यांना.” शिंपी उठून हात जोडायचा आणि पुन्हा बसायचा. दोघेही निवडून आले. वकीलसाहेब पहिले, शिंपी दुसरा. गावाने त्याचे बारसेच केले: दुसरेसाहेब.

सभागृहात त्यांना मागच्या रांगेत, खांबाआड जागा मिळाली. पहिल्याच अधिवेशनात एका मंत्र्याचे बटण तुटले आणि दुसरेसाहेबांच्या खिशात सुई-दोरा निघाला. झाले! त्यानंतर बाकीचे सभासद प्रश्न विचारत आणि दुसरेसाहेब अस्तरे टाचत. एकदा नदीवरच्या पुलासाठी बोलायला म्हणून ते धीर करून उठले, तर शेजारचा सभासद दंड पुढे करून म्हणाला, “बरं झालं उठलात. बघा ना, काखेत उसवलाय.” ते बघेपर्यंत पुलावरची चर्चा संपली. पूल झाला नाही. पण अधिवेशनभर कुणाचा कोट उसवलेला दिसला नाही, हेही खरे.

तरी दुसरेसाहेब सुखी होते. गावात सगळ्यांच्या गळ्यातले ताईत! पोस्टमास्तर रस्त्यात थांबवून सांगे, “दुसरं मत तुम्हालाच हं!” हेडमास्तर, सायकलवाला, दवाखान्यातली नर्स, जो भेटेल तो हेच म्हणे. पहिले मत देताना माणसे भांडत, घराघरांत अबोला धरत. दुसरे मात्र हसत हसत द्यायचे. लागोपाठ तीन निवडणुका दुसरेसाहेबांनी या हसण्यावर काढल्या. लोक जे हसत देतात ते त्यांना नको असलेले असते, हे शिंप्याला तरी कळायला हवे होते. कोट शिवून झाल्यावर उरलेले तुकडे गिऱ्हाईक असेच हसत सोडून जाते.

त्या तुकड्यांचा दुसरेसाहेब बायकोसाठी कोट शिवत.

बायको दुकानात मागच्या बाजूला बसून काजे करायची. गाव तिला वहिनी म्हणे. तिच्या कोटाची एक बाही वकीलसाहेबांच्या काळ्या कापडाची, दुसरी हेडमास्तरांच्या करड्या. पाठ पोस्टाच्या खाकीची, खिसे कुणाकुणाचे. हेडमास्तर म्हणत, “वहिनींच्या अंगावर अख्खा मतदारसंघ आहे!” यावर दुकानातले सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्याने दुसरेसाहेब. वहिनींची थोरली बहीण त्याच गावात दिलेली होती. तिला मात्र दर हिवाळ्याला अख्ख्या कापडाचा कोट जाई. “मेव्हणीचा मान असतो,” दुसरेसाहेब म्हणत. वहिनी दोरा दातांनी तोडत आणि पुढचे काज घेत.

मग एक दिवस वरून हुकूम आला. जोडमतदारसंघ बंद. इथून पुढे एक मतदारसंघ, एक खासदार, एक चिठ्ठी. नदीच्या दोन्ही काठांना मिळून एकच माणूस पुरेल, असे राजधानीत ठरले होते. आजवर दोघांनी मिळून जे केले ते पाहता हे काही चूक म्हणता येत नव्हते.

वकीलसाहेब नव्या कोटाचे माप द्यायला आले. “आता तुम्ही आराम करा,” ते म्हणाले. “बाही जरा सैल ठेवा. हार घालताना ओढते.”

तिकीट कुणाला, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. दुसरेसाहेबांना मात्र पडला. खासदारकी गेली तर कोण बोलावणार होते त्यांना साहेब म्हणून? त्यांनी भीत भीत पोस्टमास्तरला विचारले, “समजा मी एकटा उभा राहिलो तर?”

“अहो, विचारता काय? दुसरं मत तुम्हालाच!”

हेडमास्तर तेच म्हणाले. नर्स तेच म्हणाली. इतकी वर्षे जिभेवर बसलेले वाक्य, ते निघून जायचे. दुसरे मत आता उरलेलेच नाही हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नव्हते, आणि ऐकणाऱ्याला ते लक्षात घ्यायचे नव्हते. दुसरेसाहेबांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. वर स्वतःसाठी उत्तम काळे कापड आणून फळीवर ठेवले. निवडून आल्यावर कोट शिवायचा. सभागृहात खांबाच्या पुढे बसायचे म्हणजे कोट नवाच हवा.

प्रचारात ते पहिल्यांदाच स्वतः बोलले. “चिठ्ठी एकच आहे,” ते घसा खरवडून सांगत. “तेव्हा आता तरी मनातल्या माणसाला द्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांचे म्हणणे अगदी मनावर घेतले.

मतदान झाले. संध्याकाळी वहिनी तोच रंगीबेरंगी कोट खुंटीला अडकवून काजे करायला बसल्या.

“काय मग?” दुसरेसाहेब लाडात येऊन म्हणाले. “विचारायला नको, पण विचारतो. कुणाला दिलंस?”

“वकीलसाहेबांना.”

ते हसले. वहिनी हसल्या नाहीत, तेव्हा त्यांचे हसू अर्ध्यावर थांबले.

“अगं, चेष्टा नको. त्यांनी काय केलं तुझ्यासाठी?”

“काही नाही. पण चिठ्ठी एकच होती. एकच असली की मनातल्याला द्यावी, असं तुम्हीच ओरडत होता ना चौकात?”

“म्हणजे मी तुझ्या मनात नाही?”

“होता हो. आधी होता.” वहिनींनी सुई वर धरून दोरा ओवला. “तुम्ही मागणी घालायला आलात ती ताईला. ताई तोंडावर नाही म्हणाली. बाबा म्हणाले, धाकटी आहे. मी दाराआड उभी होते. जीव कानात आणून ऐकत होते, तुम्ही काय म्हणता ते.”

“काय म्हणालो मी?”

“‘चालेल’ म्हणालात.”

दुसरेसाहेबांना ते आठवेना. आठवण्यासारखे त्यात त्यांच्या बाजूने काही नव्हतेच.

“त्या ‘चालेल’वर मी संसार केला,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या तीन निवडणुकांत माझी दुसरी चिठ्ठी तुम्हालाच होती. पहिली कायम वकीलसाहेबांना. पहिली कुणाला घालावी असं दुसरं कुणी नव्हतंच, काय करू?”

निकाल लागला. दुसरेसाहेबांच्या पेटीतल्या चिठ्ठ्या मोजायला बसलेला कारकून चहा यायच्या आत मोकळा झाला. अनामत रक्कम गेली. दुपारी वकीलसाहेबांची मिरवणूक बाजारातून निघाली आणि बरोबर दुकानासमोर येऊन थांबली. हारांच्या ओढाताणीत नव्या कोटाची बाही उसवली होती.

“जरा दोन टाके घाला हो,” वकीलसाहेब म्हणाले. “अंगावरच घाला. काढायला वेळ नाही.”

दुसरेसाहेबांनी भर रस्त्यात, वाजंत्री चालू असताना, त्यांच्या काखेखाली वाकून बाही टाचली. सुई वहिनींनी आणून दिली. पोस्टमास्तर गर्दीतून प्रेमाने ओरडला, “दुसरेसाहेब, वाईट वाटून घेऊ नका! दुसरं मत असतं ना, तर तुम्हालाच दिलं असतं!” आणि तो खरेच बोलत होता.

मिरवणूक गेली. दुसरेसाहेबांनी फळीवरचे काळे कापड काढले आणि टेबलावर पसरले.

“तुझा कोट शिवतो,” ते म्हणाले. “अख्ख्या कापडाचा.”

“माझं माप आहे का?”

नव्हते. तुकड्यांचा कोट नुसत्या अंदाजानेच होत आला होता. ताईचे मात्र तोंडपाठ होते. त्यांनी टेप घेतली. वहिनी उठल्या आणि हात पसरून उभ्या राहिल्या, जशी आजवर इतर सगळी गिऱ्हाइके त्यांच्यासमोर उभी राहत आली होती. माप झाले. त्यांनी खडूने खुणा केल्या, कात्री उचलली, आणि हात सवयीने कापडाच्या कडेला गेला. मधला चांगला भाग राखून, एका कोपऱ्यात बाही बसते का ते बघायला. खुणाही तिथेच, कडेला पडलेल्या होत्या.

वहिनी बघत होत्या. दुसरेसाहेबांनी गडबडीने हात मागे घेतला आणि खुणा पुसल्या.

“मधूनच कापतो,” ते म्हणाले. “अगदी मधून. तुला कसा हवा तसा शिवतो. सांग ना. कॉलर कशी करू?”

वहिनी परत आपल्या जागेवर जाऊन बसल्या होत्या. त्यांनी अपुरे राहिलेले काज हातात घेतले. मान वर केली नाही.

“चालेल,” त्या म्हणाल्या.