बारा घरं आणि एक भिंत

कॉम्प्युटरमधली जागा भरत आली की तो निदान तसं सांगतो तरी. किस्से साठत आले की कोणी सांगत नाही. परवा वही बदलायची म्हणून जुनी चाळली, तर सॉफ्टवेअरच्या नोंदी निम्म्या आणि उरलेल्या पानांवर आमच्या गटातल्या माणसांचे उद्योग!

आमचा गट म्हणजे पनवेलमधले नऊ-दहा लिनक्सवाले, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम वापरणारे. दर रविवारी सकाळी दहाला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. कोणाला काय हवंय ते त्याने विचारायचं, बाकीच्यांनी सुचवायचं. नियम एकच, तो सबनीस सरांनी घातलेला. ज्याचा सल्ला पटला, त्याने विचारणाऱ्याच्या घरी जाऊन सॉफ्टवेअर स्वतः बसवून द्यायचं. चहा यजमानाचा. सर शाळेत फिजिक्स शिकवायचे. नुसतं तोंडाने सांगून पळणारे लोक त्यांना चालत नाहीत.

यंदा वाचनालयाने आपले पाच जुने कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचं ठरवलं. सरांनी जाहीर केलं, दिवाळीपर्यंत ज्याची अशी बसवून दिलेली घरं जास्त, त्याने ते काम करायचं आणि त्याचीच सॉफ्टवेअरची यादी, त्याच्या नावासकट, भिंतीवर लावायची.

मला ती भिंत हवी होती. बारा वर्षं एकट्याने शिकतोय, वहीत लिहितोय. खोटं कशाला बोलू?

*

माझी अडचण पहिल्यापासून एकच. मी नीट सांगतो.

एकदा सबनीस सरांनीच विचारलं, "जोगळेकर, सिनेमा बघायला काय बसवू?" मी वही उघडली. सात प्लेअरचा तक्ता होता. कोणता किती जागा खातो, कोणात सबटायटल कशी दिसतात, कोणाचा आवाज कुठपर्यंत वाढतो. व्हीएलसी चौथ्या क्रमांकावर होता, तिथपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली.

सर हात जोडून म्हणाले, "अरे, मला सिनेमा बघायचाय. मुलगी नाही बघायची!"

*

मग हरेश ठाकूर आला.

हा उलव्याचा. वडिलांची मिठागरं होती, याचं आता दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या. लिनक्सवर येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. पहिल्याच रविवारी कोणीतरी विचारलं, "अपडेट करताना काही बिघडलं तर काय करायचं?" मी म्हणालो, "याचा तीन प्रकारे विचार करता येतो..."

हरेश मागच्या बाकावरून म्हणाला, "टाइमशिफ्ट बसवा. भरतीच्या आधी आमी बांध बघून ठेवायचो ना, तसं हाय ते. आज मोडलं तर कालच्यावर परत यायचं."

चार जणांनी तिथल्या तिथे त्याला घरी बोलावलं. माझे तीन प्रकार अजून वहीत आहेत.

*

खारघरच्या कुलकर्णी बाईंनी मात्र मला बोलावलं. त्यांना फोटो दुरुस्त करायचे होते, मी गिम्प सुचवलं होतं. सतराव्या मजल्यावर गेलो, बसवलं, आणि फोटोतले थर म्हणजे काय ते सुरुवातीपासून समजावू लागलो.

बाईंनी हळूच फोन लावला. "ठाकूरभाऊ, जोगळेकर थर समजावतायत. तोवर मला सांगा, यांच्या डोक्यामागचा खांब कसा घालवू?"

फोन स्पीकरवर होता. "वयनी, क्लोनचा शिक्का घ्या. बाजूची भिंत उचला न् खांबावर मारत जा."

पाच मिनिटांत खांब गेला. बाई खूश! खांबाबरोबर मिस्टर कुलकर्णींचा डावा कानही गेला होता. मी वहीत नोंद केली. बाईंना बोललो नाही.

तो फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "किती मोकळं वाटतंय!"

*

एका रविवारी ठरवलं, आपणही थोडक्यात बोलायचं. घरी आरशासमोर सराव केला. गटात विचारणा झाली, "मोबाइलमधले फोटो वायर न लावता कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे?"

मी म्हणालो, "केडीई कनेक्ट बसवा." आणि थांबलो.

सगळे माझ्याकडे बघतायत. कोणी पेन उघडून बसलेलं. अर्धं मिनिट गेलं.

सबनीस सर पाण्याची बाटली पुढे करत म्हणाले, "जोगळेकर, बरं वाटत नाही का?"

*

पावसाळा संपेपर्यंत हरेशची दहा घरं, माझी सहा. मी रोज झोपण्याआधी आकडे बघायचो, जसे काही ते रात्रीतून बदलणार होते.

आणि बदलायला लागले की! उलव्यात एकाच वेळी इतक्या इमारती उठल्या की हरेशला बिजागऱ्यांमधून डोकं वर काढायला फुरसत मिळेना. पाच रविवार तो आला नाही. मी पाच घरं केली. सर म्हणाले, "बिचारा हरेश. दमत असेल." मीही म्हणालो, "बिचारा!" आणि मनात उलव्याच्या प्रत्येक बिल्डरला आशीर्वाद दिला.

सहाव्या रविवारी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. मधल्या दिवसांत त्याने एकच घर केलं होतं आणि स्वतःच्या दुकानातला कॉम्प्युटर गेला होता. परत मागे जायची सगळी सोय त्याने त्याच डिस्कवर ठेवली होती. डिस्क गेली, सोयही गेली.

मला इतका आनंद झाला की मी खिडकीबाहेर बघितलं. चेहरा लपवायला. मग गंभीर होऊन म्हणालो, "कॉपी नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवावी. हे मी लिहून ठेवलंय."

"हाय ना," हरेश म्हणाला. "पान एकतीस. तिथे तुमी लाल शाईने लिवलंय. मीच वाचलं नाय नीट."

"तुला माझ्या वहीतलं पान कसं माहीत?"

"झेरॉक्स हाय माझ्याकडे. सगळ्या वहीची."

मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. "मीच दिली होती रे. तू चहा सांगायला खाली गेला होतास."

म्हणजे बांध, भरती सोडलं तर बाकी सगळं माझंच! आणि घरं त्याची!

*

दिवाळीआधीचा शेवटचा शनिवार. हरेश अकरा, मी अकरा. दुसऱ्या दिवशी सर मोजणी करणार होते.

ऑफिसातून निघताना मला सुचलं, आपलं स्वतःचं घर मोजायला काय हरकत आहे? सुमेधाचा, म्हणजे बायकोचा लॅपटॉप जुना झालाय. ती शिवणाचे क्लास घेते, सगळे नमुने त्यात. उघडायलाच दहा मिनिटं लागतात. त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे जुन्या मशीनवरही पळणारं लिनक्स, बसवायचं, आजच. बारावं घर! भिंत माझी!

दाराशी पोचलो तर बाहेर चपला. मोठ्या, सिमेंटची धूळ लागलेल्या.

आत माझ्या खुर्चीत हरेश बसलेला. हातात माझा कप. समोर सुमेधाचा लॅपटॉप, त्यावर मिंट बसत होतं. पट्टी जवळजवळ शेवटाला आलेली.

तो चटकन उठला. "भाऊ, आईशपथ, मला ठाऊक नव्हतं तुमचं घर हाय. वयनींनी नुसता सोसायटीचा पत्ता दिला. बसा तुमी. शेवटचं बटण तुमी दाबा."

मी बसलो नाही. सुमेधाला विचारलं, "याला कोणी बोलावलं?"

"मी," ती म्हणाली. "क्लासला येणाऱ्या एकीने यांचा नंबर दिला. यांनी फोनवर एका वाक्यात सांगितलं, मला पटलं." मग म्हणाली, "तुमचाच नियम ना? ज्याचा सल्ला पटला त्याला घरी बोलवायचं."

"अगं, पण मिंट बसव म्हणून मी तुला गेल्या वर्षापासून सांगतोय!"

"हो ना," सुमेधा हरेशच्या कपात आणखी चहा ओतत म्हणाली. "अजून संपलंय कुठे तुमचं सांगून!"